गच्चीवरच्या हवेतला डीएनए: फिल्टर लावण्यापासून सिक्वेन्सिंगला पाठवेपर्यंत

साध्या एका श्वासात सुमारे अर्धा लिटर हवा आत जाते. उघड्या हवेत घनमीटरमागे साधारण दहा हजार ते दहा लाख जिवाणू असतात. मधला आकडा, म्हणजे एक लाख धरला, तर श्वासामागे जेमतेम पन्नास झाले. बागेतली एक ग्रॅम माती घेतली तर तिच्यात हाच आकडा शंभर कोटींच्या घरात जातो. म्हणूनच माती-पाण्यावर काम करून हात बसलेली माणसं हवेकडे वळली की पहिल्या खेपेला हमखास आपटतात.

मीही आपटलो. आठ नमुने आणि एकच कोरा, म्हणजे तुलनेसाठीचा फिल्टर सिक्वेन्सिंगला, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचायला पाठवला होता. निकाल आला तर नमुन्यांतली यादी आणि कोऱ्या फिल्टरची यादी जवळजवळ सारखीच! तीन आठवडे गच्चीवर चढउतार करून मी अभ्यास केला होता तो माझ्या हातमोज्यांचा आणि डीएनए काढायच्या किटमधल्या बाटल्यांचा.

पुढे जे लिहिलंय ते त्या फजितीनंतर बसवलेलं आहे. उदाहरण ठोस घेतो: पुण्यातल्या चार मजली इमारतीची गच्ची, मे अखेर ते जुलै, आणि प्रश्न असा की पाऊस सुरू होताना हवेतले जिवाणू आणि बुरशी कशी बदलते. प्रश्न आधी एका वाक्यात लिहून काढा. ‘हवेत काय काय आहे ते बघू’ हा प्रश्न नव्हे. त्याने फक्त पैसे जातात.

आधी कागदावर हिशोब

एका जिवाणूत डीएनए किती? ई. कोलायसारख्या जिवाणूच्या जीनोमचं, म्हणजे सगळ्या डीएनएचं वजन सुमारे पाच फेम्टोग्रॅम (दहा लाख फेम्टोग्रॅमचा एक नॅनोग्रॅम). प्रदूषण मोजायला वापरतात तो पीएम सॅम्पलर मिनिटाला १६.७ लिटर हवा ओढतो, म्हणजे चोवीस तासांत २४ घनमीटर. घनमीटरला एक लाख जिवाणू धरले तर फिल्टरवर २४ लाख पेशी, आणि डीएनए सुमारे १२ नॅनोग्रॅम. वेगळा करताना निम्मा गळतो असं समजून चाला. उरलेला सहा नॅनोग्रॅम ५० मायक्रोलिटरमध्ये उतरवला की मायक्रोलिटरला ०.१२ नॅनोग्रॅम. बुरशीची थोडी भर पडते, कारण बीजाणू कमी असले तरी त्यांचा जीनोम कितीतरी मोठा असतो.

एवढ्यावर १६एस (जिवाणू ओळखायचा जनुक) किंवा आयटीएस (बुरशी ओळखायचा डीएनएचा भाग) यांचं अँप्लिकॉन, म्हणजे तेवढाच तुकडा वाढवून वाचणं, आरामात होतं. पण हाच प्रयोग कमरेला लावायच्या, मिनिटाला दोन लिटरच्या छोट्या पंपावर आठ तास केलात तर हवा एक घनमीटरसुद्धा होत नाही आणि हाती अर्धा नॅनोग्रॅमही लागत नाही. तिथे किटमधली घाण, म्हणजे रसायनांतला आगंतुक डीएनएच वरचढ ठरतो. पुढचा प्रत्येक निर्णय, म्हणजे यंत्र कोणतं, वेळ किती, कोरे फिल्टर किती, या हिशोबावरून घ्यायचा.

यंत्र

हवेत काय तरंगतंय ते पाहायची हौस जुनी आहे. १८६० च्या सुमारास पाश्चरने कापसासारख्या गन-कॉटनच्या बोळ्यातून हवा ओढली, तो बोळा ईथर-अल्कोहोलमध्ये विरघळवला आणि खाली बसलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. मराठी माणसाने अभिमानाने सांगावं असं नाव म्हणजे औरंगाबादचे प्रा. एस. टी. टिळक. मराठवाडा विद्यापीठात त्यांनी हवेतल्या बीजाणूंचा अभ्यास रुजवला, आणि त्यांच्या नावाचा ‘टिळक एअर सॅम्पलर’ भारतातल्या कित्येक प्रयोगशाळांनी वापरला. १९५२ चा हर्स्टचा सापळा काय किंवा टिळकांचं यंत्र काय, दोन्ही सूक्ष्मदर्शकासाठी उत्तम. बीजाणूचा आकार डोळ्याने ओळखायचा असेल तर आजही तेच वापरा. डीएनएसाठी मात्र हवा कमी पडते.

उघडी पेट्री डिश ठेवून वसाहती मोजायचा प्रकार शाळेत सगळ्यांनी केलेला असतो. आगरवर वाढतात ते हवेतल्या जिवाणूंपैकी अगदी थोडे. शिवाय अनोळखी जिवाणू मुद्दाम वाढवून घरात किंवा वर्गात ठेवण्यात शहाणपण नाही. आपल्याला ते वाढवायचेच नाहीयेत, फक्त त्यांचा डीएनए हवाय.

द्रवात हवा बुडबुडवणारे इंपिंजर पेशींना हळुवार वागवतात, पण मेमधल्या पुण्यात त्यांतलं पाणी बघता बघता उडून जातं. मिनिटाला शेकडो लिटर ओढणारी कोरिओलिससारखी यंत्रं झकास, किंमत मात्र संशोधन-निधी मिळालेल्यांनाच झेपणारी. त्यामुळे माझा सल्ला साधा: जवळच्या कॉलेजच्या पर्यावरणशास्त्र विभागात पीएम सॅम्पलर धूळ खात पडलेला असण्याची दाट शक्यता आहे, तो मागून घ्या. आठ बाय दहा इंची फिल्टरवर मिनिटाला घनमीटरहून जास्त हवा ओढणारा मोठा सॅम्पलर मिळाला तर दुधात साखर, चोवीस तासांत दीड हजार घनमीटर पार.

एक खोच लक्षात ठेवा. सॅम्पलरच्या तोंडाशी असलेला भाग ठरावीक आकाराहून मोठे कण आत सोडत नाही. पीएम २.५ चं, म्हणजे २.५ मायक्रॉनपर्यंतचे कण सोडणारं तोंड लावलं तर परागकण तर गेलेच, अल्टरनेरियासारख्या बुरशीचे मोठे बीजाणूही गेले. जिवाणू एकेकटे फार कमी फिरतात, बहुतेक धुळीच्या कणावर स्वार होऊन येतात, त्यामुळे तेही बरेच गळतात. मी पीएम १० चं तोंड लावतो, आणि परागकण हवे असतील तर तोंडच काढून फक्त पावसाची टोपी ठेवतो. जे कराल ते सगळ्या नमुन्यांना सारखं करा.

फिल्टर

४७ मिलिमीटरच्या सॅम्पलरला टेफ्लॉनचा, म्हणजे पीटीएफईचा फिल्टर. विद्यार्थी दरवर्षी विचारतात, ‘सर, छिद्र दोन मायक्रॉनचं आणि जिवाणू एक मायक्रॉनचा, मग अडकणार कसा?’ फिल्टर म्हणजे पिठाची चाळण नव्हे. त्यात धाग्यांचं जंजाळ असतं. हवा वळणं घेत जाते, जड कणाला वळता येत नाही म्हणून तो आपटून चिकटतो. अगदी बारीक कण थरथरत भरकटतो आणि तोही धाग्याला लागतो. ०.३ मायक्रॉनचे कणसुद्धा हा फिल्टर जवळजवळ सगळे धरतो.

मोठ्या सॅम्पलरला क्वार्ट्‌झ फायबरचा फिल्टर घ्या. त्याचा मोठा फायदा म्हणजे फॉइलमध्ये गुंडाळून भट्टीत ४५० ते ५०० अंशांवर पाच तास भाजता येतो, की जुना डीएनए जळून खाक. टेफ्लॉन असा भाजता येत नाही. नवीन पाकीट लॅमिनार हूडखालीच, म्हणजे गाळलेल्या हवेच्या कपाटातच उघडायचं, दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा तास यूव्ही द्यायचा आणि उरलेल्या घाणीची साक्ष कोऱ्या फिल्टरकडून घ्यायची. जिलेटिनचे फिल्टर सुंदर विरघळतात, पण जुलैच्या दमटपणात त्यांचा चिखल होतो.

ब्लीच आणि स्पिरिट यांतला फरक

इथे गफलत करणारे सर्वांत जास्त भेटतात. ७० टक्के अल्कोहोलने जिवाणू मरतो, डीएनए तसाच राहतो. ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे दाबाखालच्या वाफेतून काढलेला चिमटा निर्जंतुक असतो, पण त्यावर मेलेल्या जिवाणूंचा डीएनए असू शकतो. आपल्या कामात मेलेला आणि जिवंत दोघंही सारखंच बोलतात. डीएनए तोडतो तो ब्लीच. बाजारातला सोडियम हायपोक्लोराइट दहापट पातळ करा, रोजचा रोज ताजा. फिल्टर होल्डर आणि चिमटे त्यात दहा मिनिटं बुडवा, मग डीएनएमुक्त पाण्याने स्वच्छ धुवा, कारण उरलेला ब्लीच तुमच्या नमुन्याचाही डीएनए तोडेल. शेवटी अल्कोहोल, ते फक्त लवकर सुकावं म्हणून. ब्लीच आणि ॲसिड एकत्र करू नका, विषारी क्लोरीन सुटतो. दारं-खिडक्या उघड्या ठेवा.

जागा

गच्चीच्या फरशीपासून दीड-दोन मीटर उंच, कठड्यापासून आणि पाण्याच्या टाकीपासून निदान दोन मीटर लांब. स्वयंपाकघराच्या चिमण्या, एसीचे बाहेरचे डबे, कुंड्या यांपासून दूर. पंपाची बाहेर पडणारी हवा नळीने, वारा जिकडे वाहतो त्या बाजूला लांब सोडा, नाहीतर तीच हवा फरशीवरची धूळ उडवते आणि तुम्ही तीच परत ओढता.

आणि कबुतरं! एका वर्षी टाकीच्या कडेला सॅम्पलर लावला, सोयीचा प्लग तिथेच होता म्हणून. निकालात पक्ष्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंची अशी रेलचेल की पुण्याच्या आकाशात कोंबड्या उडतात की काय असं वाटावं. टाकीवर रात्री वस्तीला वीस-पंचवीस कबुतरं असायची. मी जागा पाहायला दुपारी गेलो होतो, तेव्हा एकही नव्हतं. जागा पाहायची तर संध्याकाळीही जाऊन पाहा.

सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी भेटा आणि यंत्रावर एक चिठ्ठी चिकटवा: हे काय आहे, कोणाचं आहे, फोन नंबर. रात्रभर घरघरणारं यंत्र पाहून कोणी पोलिसांना बोलावलं तर त्याची चूक नाही.

प्रत्यक्ष दिवस

फिल्टर गच्चीवर उघडायचाच नाही. टेफ्लॉनचा फिल्टर हातात घेऊन पाहिलात तर कळेल, त्याला वजन असं नाहीच; स्थिर विजेने तो चिमट्याला, बाहीला, कशालाही चिकटतो आणि वाऱ्याच्या एका झुळकीत शेजारच्या गच्चीवर. हूडखाली होल्डरमध्ये बसवा, होल्डर फॉइलमध्ये गुंडाळा, झिपलॉक पिशवीत घाला, पिशवीवर आधीच नंबर टाकलेला असू द्या. मास्क, केसांना टोपी, हातमोजे. गच्चीच्या दाराची कडी काढायला हातमोज्याचाच हात वापरला जातो, म्हणून कडी काढून झाल्यावर मोजे बदला. माझी पहिली फजिती निम्मी तिथेच झाली होती.

होल्डर यंत्रावर चढवला की गळती तपासा. पंप चालू करून तोंड क्षणभर टोपणाने बंद करा. प्रवाह शून्याजवळ आला पाहिजे. नाही आला तर कुठूनतरी चोरवाटेने हवा येते आहे आणि ती फिल्टरला टाळून जाते आहे. बहुतेक वेळा रबरी रिंग वाकडी बसलेली असते. मग प्रवाह, वेळ, तापमान, आर्द्रता लिहा. संपतानाही प्रवाह लिहा, कारण धूळ साचते तसा तो घसरतो. हवेचं घनफळ दोन्हींच्या सरासरीने काढायचं. रोटामीटर, म्हणजे प्रवाह दाखवणारा मापक, समुद्रसपाटीच्या हवेवर बेतलेला असतो. पुणे ५६० मीटरवर, इथे फरक किरकोळ. यंत्र महाबळेश्वरला नेलंत तर दुरुस्ती करा.

चोवीस तास एकच फिल्टर ठेवायचा की दिवस-रात्र वेगळे? मी वेगळे ठेवतो, सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाला बदलून. २०१९ साली सिंगापूरच्या संशोधकांनी दाखवून दिलं की उष्ण कटिबंधातल्या हवेतले सूक्ष्मजीव रोज घड्याळासारखे बदलतात. रात्रीच्या दमट हवेत कुत्र्याच्या छत्रीच्या जातकुळीतल्या बुरशींचे बीजाणू उसळतात. चोवीस तासांच्या फिल्टरमध्ये हे सगळं एकात मिसळून जातं. पावसाळ्यात तर बारा तासांच्या वर जाऊच नका, ओलसर फिल्टरवर बुरशी चक्क उगवू लागते आणि तुम्ही हवा मोजायच्या ऐवजी शेती मोजता. बारा तासांत डीएनए निम्माच मिळतो, म्हणून दोन होल्डर शेजारी-शेजारी लावून नंतर एकत्र करा.

लाइट जाणार, हे धरूनच चला. सॅम्पलरला वेळमापक असेल तर नेमका किती वेळ चालला ते कळतं. नसेल तर सेलवरचं साधं घड्याळ आणि प्लगवर चालणारं घड्याळ अशी दोन शेजारी ठेवा. दोन्हींतला फरक म्हणजे गेलेली वीज.

वही ठेवा. कोणी कचरा जाळला, समोर बांधकामाची वाळू उतरली, पहिला वळीव किती वाजता पडला, सगळं. एका रात्रीच्या नमुन्यात माणसाच्या कातडीवरचे जिवाणू भलतेच वाढले होते. वहीत वॉचमनकाकांच्या अक्षरात नोंद होती: ‘रात्री उकाडा फार, गादी वर आणून झोपलो.’ वही नसती तर मी त्यावर एखादा सिद्धांत रचून बसलो असतो.

कोरे फिल्टर

सगळ्यांत जास्त कंजुषी इथेच होते. तीन प्रकारचे हवेत. पहिला गच्चीवरचा: नमुन्यासारखाच होल्डरमध्ये बसवून नेलेला, यंत्रावर चढवलेला, पंप काही सेकंद चालवून लगेच उतरवलेला. दुसरा प्रयोगशाळेतला: डीएनए काढताना नमुन्याऐवजी फक्त किटची रसायनं. तिसरा पीसीआरचा (डीएनएच्या प्रती वाढवायची प्रक्रिया), नुसतं पाणी. मी दर पाच नमुन्यांमागे गच्चीवरचा एक कोरा ठेवतो आणि किटचा नवा लॉट उघडला की दुसऱ्या प्रकारचा वेगळा. हे सगळे सिक्वेन्सिंगलाही पाठवायचे. ‘जेलवर पट्टी दिसली नाही म्हणून पाठवला नाही’ हे चालत नाही. पट्टी दिसत नसली तरी वाचता येण्याइतका डीएनए त्यात असतो.

थंड साखळी

फिल्टर काढला की होल्डरसकट फॉइलमध्ये, थर्मोकोलच्या डब्यात गोठवलेल्या जेलच्या पिशव्यांमध्ये. पिशवीचं पाणी फिल्टरला लागता कामा नये. तासाभरात उणे २० ला, महिनोन्‌महिने ठेवायचं असेल तर उणे ८० ला. आरएनए हवा असेल तर हा लेख पुरणार नाही, त्याला यंत्रापासून सगळंच वेगळं लागतं.

डीएनए काढणं

टेफ्लॉनच्या फिल्टरची कडेची प्लॅस्टिकची रिंग कापून टाका. फिल्टर मधोमध कापा. अर्धा परत फ्रीझरमध्ये. उरलेल्या अर्ध्याच्या चार-पाच मिलिमीटरच्या पट्ट्या करून मण्यांच्या ट्यूबमध्ये. टेफ्लॉन पाण्याला दाद देत नाही, तरंगत राहतो. पट्ट्या बफरखाली दाबून भिजल्यात याची खात्री करा. मण्यांनी ठेचणं टाळू नका. बुरशीच्या बीजाणूचं कवच आणि ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूची भिंत नुसत्या रसायनाने नीट फुटत नाही, आणि मग निकालात बुरशी कमी दिसते. ती हवेत कमी नव्हती, तुम्ही फोडली नाहीत.

क्वार्ट्‌झचा फिल्टर थेट किटमध्ये टाकू नका. त्याचा लगदा होतो, बफर पिऊन घेतो, आणि क्वार्ट्‌झ म्हणजे शेवटी सिलिकाच. किटमधल्या क्षारांत डीएनए किटच्या सिलिका-स्तंभाला चिकटायच्या ऐवजी फिल्टरलाच चिकटून बसतो. आधी फॉस्फेट बफरमध्ये धुवा, हलक्या वेगाने फिरवून पाणी काढा, ते ०.२ मायक्रॉनच्या पीईएस पडद्यातून गाळा आणि तो पडदा पॉवरसॉइलसारख्या मातीच्या किटमध्ये घाला. मातीचंच किट का, तर शहरी धुळीत पीसीआर अडवणारी द्रव्यं भरपूर असतात आणि हे किट ती बाजूला काढतं.

शेवटी ५० मायक्रोलिटरमध्येच उतरवा, १०० मध्ये नको. डीएनए मोजायला क्युबिट या यंत्राचं हाय सेन्सिटिव्हिटी किट. नॅनोड्रॉप हे दुसरं यंत्र इतक्या कमी डीएनएवर आकडा देतो खरा, पण तो आकडा ज्योतिषाच्या लायकीचा असतो.

पीसीआर आणि पुढचं

जिवाणूंसाठी १६एसचा व्ही४ भाग, ५१५एफ-८०६आर प्रायमर (तो भाग पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे), बुरशीसाठी आयटीएस. प्रत्येक नमुन्याच्या तीन पीसीआर करून एकत्र करा, अडवणारी द्रव्यं बांधून ठेवणारं बीएसए हे प्रथिन घाला. चक्रं ३५ च्या पुढे नेली की कोरे फिल्टरही उजळू लागतात, तेव्हा हात आवरा. नमुना पीसीआरला दादच देत नसेल तर डीएनए दहापट पातळ करून पाहा. कित्येकदा कमी डीएनए हे कारण नसतं, अडवणारी धूळ असते.

१६एसच्या वाचनांत हरितद्रव्याच्या पेशीकणांची, म्हणजे क्लोरोप्लास्टची वाचनं भरपूर निघतील. घाबरू नका, ते परागकणांचं आणि पालापाचोळ्याचं देणं आहे. विश्लेषणात काढून टाका.

मग कोऱ्यांशी तुलना. राल्स्टोनिया, ब्रॅडीरायझोबियम, बर्कहोल्डेरिया ही नावं दिसली तर कान टवकारा. किटमधली नेहमीची पाहुणी म्हणून ती २०१४ पासून बदनाम आहेत. पण कोऱ्यात दिसलेलं प्रत्येक नाव सरसकट उडवू नका. सिक्वेन्सरमध्ये शेजारच्या नमुन्यांची थोडी सरमिसळ होतेच, त्यामुळे खऱ्या हवेतला जिवाणूही कोऱ्यात डोकावतो. ‘डीकंटॅम’ हे आर या संगणक-भाषेतलं पॅकेज कोणता जिवाणू कोऱ्यांत जास्त वेळा आणि कमी डीएनएच्या नमुन्यांत जास्त प्रमाणात दिसतो हे पाहून निवाडा करतं. टक्केवारीवर भाळू नका. पावसानंतर एखादी बुरशी दहा टक्क्यांवरून चाळीसवर गेली, तर ती वाढली असेल किंवा बाकीचं सगळं धुऊन गेलं असेल. खरं काय ते क्यूपीसीआरने, म्हणजे प्रमाण मोजणाऱ्या पीसीआरने, घनमीटरमागे जनुकाच्या प्रती मोजल्यावरच कळतं.

पैसे नसतील तर

रिकामी निर्जंतुक पेट्री डिश पावसापासून आडोशाला महिनाभर उघडी टांगून ठेवा आणि साचलेली धूळ स्वॅबने पुसून घ्या. किंवा दाराच्या चौकटीच्या वरच्या कडेवरची धूळ, जिथे फडकं दिवाळीशिवाय पोचत नाही. किती हवेतला नमुना हे सांगता येत नाही, पण शाळा-कॉलेजांना घराघरांची तुलना करायला हे झकास आहे आणि डीएनएही भरपूर निघतो.

परवानग्या

रुग्णालयात, विशेषतः क्षयरोगाच्या वॉर्डात, नीतिसमितीच्या मंजुरीशिवाय आणि एन-९५ मास्कशिवाय सॅम्पलर नेऊ नका. माणसं राहतात तिथल्या हवेत माणसाचाही डीएनए असतो. तो वाचायचा नाही आणि विदा खुली करण्याआधी गाळायचा. नमुने परदेशी प्रयोगशाळेला पाठवायचा विचार असेल तर २००२ च्या जैवविविधता कायद्याचे नियम आधी पाहा.

आणि फ्रीझरमधल्या त्या अर्ध्या फिल्टरच्या पाकिटावर नंबर पेन्सिलने लिहा. मार्करचा नंबर स्पिरिटच्या एका थेंबात उडतो. माझ्याकडे असे अकरा अर्धे फिल्टर आहेत, जूनचे की जुलैचे ते देव जाणे.